हत्तीपायाची गोळी

जिजाच्या खाटेशेजारची प्लास्टिकची खुर्ची अकरा वर्षं रिकामीच होती. उजवा पाय सुजत सुजत उखळाएवढा झाला आणि डोक्यावर मासळीची टोपली घेऊन तुमसरच्या बाजारात जाणं सुटलं. मग मोहल्ल्यातल्या बायांनी तिला बारशाला बोलावणंही सोडलं. नवरा वारल्यावर तिच्या दारात यायची ती एकटी दामिनी, सरकारी दवाखान्याची आशाताई.

दामिनी दरवर्षी घरोघरी हत्तीपायाच्या गोळ्या वाटायची. लोक हात पुढे करून घेत आणि मागच्या तलावात भिरकावत. यंदा गोळ्या समोरच गिळवायच्या, असा वरून हुकूम होता. पण उपाशीपोटी गोळी चालत नाही, हे लोकांना पाठ झालं होतं. दुपारी चार वाजताही अख्खा मोहल्ला उपाशीच असे.

"मावशी, तू संगं चाल न," दामिनी म्हणाली. "तुह्या पायासारखं पोस्टर नाही माह्याजवळ."

जिजा ठेवणीतलं लुगडं नेसली. कोणीतरी आत ये म्हणेल, बस म्हणेल.

पहिलंच घर सुलोचनाबाईचं. दोघींनी वीस वर्षं एकाच वाटेनं टोपल्या नेलेल्या. दामिनीनं जिजाच्या लुगड्याचा काठ जरा वर केला. सुलोचनाबाईनं पाहिलं, पाणी मागवलं आणि गोळ्या गटकन गिळल्या. लेकाला, सुनेला दम देऊन गिळायला लावल्या.

दोन दिवसांत मोहल्ला आटोपला. घरोघरी पाण्याचे गिलास बाहेर आले. जिजाला मात्र कोणी बस म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाबाई दारात उभी.

"काय वं जिजा, काय करून राहिली?" म्हणत ती सरळ खुर्चीत बसली.

"आज कशी आठवण आली?"

"गोळी खाल्ली न! आता तुह्याजवळ बसून मले काही होत नाही."

हे दुखणं डासांनी येतं, माणसाजवळ बसून नाही, हे दामिनीनं दहादा सांगितलं होतं. सुलोचनाबाईलाही सांगितलं होतं. जिजाच्या ओठांवर ते आलं. पण ते बोलली असती, तर अकरा वर्षं काहून आली नाहीस, हेही विचारावं लागलं असतं.

"हो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही खाजो. एकाच वर्षापुरती असते ते."

"खाईन न. कायले नाही खाणार?"

"चहा मांडू?"

"नोको. आताच पिऊन आली," सुलोचनाबाई म्हणाली आणि पदर आपल्या बाजूला ओढून घेतला.