पाडलेल्या निलगिरी

वनरक्षकाला सगळे काडीपेटी म्हणत. वणवा लागू नये म्हणून नेमलेला माणूस दर हिवाळ्यात स्वतःच गवत पेटवतो, याची लोकांना भारी मौज वाटे. तोही ते हसण्यावारी नेई. जळण आधीच संपवलं की वणव्याला खायला काही उरत नाही, एवढं त्याचं साधं म्हणणं. पण एकच औषध सगळीकडे चालत नाही. वरच्या उतारावरचं गवत तो गारठ्यात, वारा पडलेला असताना जाळी. खालच्या झुडपांत शेळ्या सोडायला लावी. घरांजवळ मात्र कोयत्याशिवाय काही चालू देत नसे.

रानाच्या कडेचं शेवटचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. मेहुण्यांनी भिंतीलगत निलगिरीची रांग लावली होती. ते गेल्यापासून ताई रोज संध्याकाळी पायरीवर बसून त्या झाडांशी बोलायची. काय शिजवलं, कोण येऊन गेलं, सगळं. निलगिरी तेलकट झाड. एक ठिणगी पडली तर ताईचं घर जाणार, मागची वस्तीही जाणार. तरी ती तोडायला त्याचा जीव होईना. त्याने मधला मार्ग काढला: त्याने खालच्या फांद्या छाटायच्या, ताईने पडलेली साल झाडून लांब टाकायची. काही वर्षं निभावलं. मग ताईचे गुडघे गेले आणि वाळक्या सालीचे ढीग कौलांवर साचू लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने मन घट्ट केलं आणि रांग पाडली. करवत थांबल्यावर ताई बाहेर आली. उघड्या अंगणाकडे बघत राहिली.

"तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आता संध्याकाळी मी कुणाशी बोलू?"

"माझ्याशी बोल ना, ताई."

"तू ऐकतोस कुठे? तू उत्तरं देतोस."

महिनाभरात ती शहरात लेकीकडे राहायला गेली. त्या उन्हाळ्यात वणवा आला नाही, पुढच्याही नाही. उगाच बाईचं घर सुटलं, असं लोक कुजबुजू लागले. तो फोन करायचा. ती सगळ्यांची चौकशी करायची, घराची मात्र कधीच नाही. तिकडेच ती आजारी पडली आणि गेली. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वारा फिरला. आग उतारावरून उसळत खाली आली, पण ताईच्या मोकळ्या अंगणाशी तिला धरायला काही सापडेना. तिथेच ती विझली. मागची सगळी घरं वाचली. कुजबुजणारे लोकच आता त्याचे हात हातात घेऊन रडले.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. घर वाचलं का, तिने विचारलं.

"वाचलं," तो म्हणाला.