लुटीत गेलेले पहेलवान

घरात नवरा सोडून आलेली मुलगी असली की तिच्या प्रत्येक गोष्टीला लोकांना कारण लागतं. जास्त जेवली तर का, कमी जेवली तर का. मी कराटेवाल्यांच्या प्लास्टिकच्या बाहुल्या जमवायला लागले तेव्हा वहिनीच्या माहेरच्यांनी ठरवूनच टाकलं, की नवऱ्याला मारायचं राहून गेलं म्हणून ही हौस. तसं काही नव्हतं. मला कराटेतलं ओ की ठो कळत नाही. मलकापूर स्टेशनजवळच्या एका दुकानात बंद पाकिटांची माळ लटकलेली दिसली, एक घेतलं, तर आत अंगठ्याएवढा, पांढरा डगला घातलेला, पाय वर उचललेला एक गडी निघाला. तो लॅबमधल्या माझ्या टेबलावर ठेवला आणि दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काढता काढता त्याच्याकडे बघून बरं वाटलं. एवढंच.

पाकिटात कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. पिवळ्या पट्ट्याचा पुन्हापुन्हा निघायचा, नको तेव्हा नातेवाईक टपकतात तसा. हिरवा पट्टा, तपकिरी पट्टा, हातात फळी धरलेला, तोंड बांधलेला निन्जा असे हळूहळू जमले. काळ्या पट्ट्याची बाई तेवढी निघत नव्हती. ती शेवटी नागपूरच्या एका जमवणाऱ्याकडून जास्तीच्या निन्जांच्या बदल्यात कुरिअरनं मागवली. केस घट्ट बांधलेले, मूठ छातीशी, आणि चेहऱ्यावर हसू नाही. खेळण्यातली न हसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मला ती फार आवडली.

हॉलमधल्या शोकेसचा सगळ्यात खालचा कप्पा आईनं मला दिला होता. घर भावाचं, पलंग आईचा, कपाटात माझे कपडे वहिनीच्या साड्यांखाली. हे माझं, असं बोट दाखवून म्हणता येईल अशी जागा म्हणजे तो कप्पा. आई तो अधूनमधून पुसायची. "तुह्या पहेलवानाइवर लय धूळ बसली होती," असं वर सांगायची.

संक्रांतीनंतर भाच्याची लूट ठरली. बोरन्हाणाला आमच्याकडे लूट म्हणतात. लेकराला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि बायकांनी त्याच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे. गल्लीतली पोरं ते लुटतात. लुटलेलं ज्याचं त्याचं. परत मागितलं तर लेकराला बाधतं म्हणतात. हल्ली नुसत्या बोरांवर पोरं खूश होत नाहीत, म्हणून चॉकलेटं, खोडरबर, छोटी खेळणीही घालावी लागतात.

ओतायचा मान सवाष्णींचा. म्हणून त्या दिवशी मी लॅबमधून मुद्दाम उशिरा निघाले. तरी घरी पोचले तेव्हा कार्यक्रम चालूच होता. मी सरळ स्वयंपाकघरात सटकणार, तोच आईनं हाक मारली.

"ये वं, आत्याचं ओतणं राह्यलं. तुह्यासाठीच थांबलो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. समोर वहिनीची आई बसली होती, तिनंही मान हलवली. आईनं मुरमुऱ्यांनी शिगोशीग भरलेलं मापटं माझ्या हातात दिलं. खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं हे घर माझंही वाटलं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी भाच्याच्या डोक्यावर ते उपडं केलं. तो खिदळला. मुरमुरे पडले, बोरं पडली, आणि त्यांच्यात हिरवा पट्टा पडला. फळीवाला पडला. काळ्या पट्ट्याची बाई भाच्याच्या खांद्यावर आपटून सतरंजीवर गेली. पोरं तुटून पडली.

"जीव लावून जमवलेलं भाच्यावर लुटवलं. याले म्हणतात माया," वहिनीची आई बायकांना सांगत होती. मी माहेरी परत आल्यापासून तिच्या तोंडून माझ्याबद्दल धड शब्द ऐकला नव्हता, आणि ऐकला तो असा.

शेजारच्या लहान मुलीच्या मुठीतून काळा पट्टा दिसत होता. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि म्हटलं, ही मला दे, मोठं चॉकलेट देते. तिच्या आईनं तिला जवळ ओढलं. "असं नका करू ताई. लुटीतलं वापस घेत नसतात. तुमच्याच भाच्याले लागन." सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसले. काय करणार?

बायका गेल्यावर आईला गाठलं. ती सतरंजीवरचे मुरमुरे झाडत होती.

"मले विचारलं काऊन नाही?"

"विचारलं असतं त देले असते काय तू?"

"नसते देले."

"मंग." तिचा झाडू थांबला नाही. "तुह्या वहिनीच्या माहेरच्याइचं म्हणणं होतं, हिचा हात नको लेकराच्या डोक्यावर. मी म्हटलं, ती आपली खेळणी लुटवणार हाय भाच्यावर, मंग त नाही म्हणत नाही न? तवा कुठं हाव म्हटलं त्याइनं. मले तुले तिथं उभी पाह्यचं होतं वं."

मला तिचा राग आला, अजून येतो. पण मापटं हातात आलं तेव्हा मला जे वाटलं होतं, तेही तिनंच दिलेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा व्यवहार मला मनातून पटला. बाहुल्या गेल्या तर गेल्या, निदान आता या घरात माझा हात चालतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुन्हा पाकीट घेतलं नाही. कप्प्यात वहिनीनं कपांचा सेट मांडला.

लूट पोर लहान असेपर्यंत दरवर्षी करतात. यंदा मी आठवडी बाजारातून टपोरी बोरं आणली, रंगीत गोळ्या आणल्या, चमकणारे भोवरे आणले. सुटी टाकली. सकाळीच मापटं घासायला घेतलं. वहिनी आली, पिशवीत डोकावली आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, यंदा तुम्ही राहू द्या. मागच्या वर्षीचं वेगळं होतं."

मी आईकडे बघितलं. आई हलव्याचे दाणे ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

मी मापटं धुतलं, पुसलं, वहिनीच्या हातात दिलं आणि सुटी असून लॅबला गेले.