मधला पुठ्ठा

मी पदवीधर झालो तो जाधव सरांमुळे. त्यांनी मला घरी ठेवून शिकवलं. त्यांच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्यांत फायटर मासे असत. एकमेकांवर चवताळू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठे.

"आता लोणचं काय तुमच्या पैलवानांच्या डोक्यावर घालू?" काकू विचारायच्या.

सर रोज थोडा वेळ पुठ्ठे काढायचे. मासे रागाने पंख फुलवायचे आणि त्यांचे रंग खुलायचे.

सरांची फार इच्छा होती, तरी गावच्या शाळेत शिकवायला मी परतलो नाही. सर बोलेनासे झाले, मीही गेलो नाही. आज माझ्या खिडकीतल्या दोन बरण्यांमधला पुठ्ठा काढला, तसे दोन्ही मासे काचेकडे धावले. मग सरांना लिहिलं:

"सर, रविवारी येतोय. रागवा, पण समोर बसून रागवा."