सुट्टीचा गणवेश

गणवेश शिवणाऱ्या माणसाला उन्हाळ्याची सुट्टी नसते. गावातली पोरं उंडारत असतात तेव्हा त्याला साडेतीनशे हाफ पँट कापायच्या असतात. आमच्या मास्तरांची अशी चौदा वर्षं गेली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीचे. यंदा शाळेने जुनाच गणवेश आणखी वर्षभर चालवायचं ठरवलं आणि मास्तरांनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं, "दोन दिवस मोठ्या शहरात जायचं. सगळ्यांनी."

तिन्ही पोरं ओरडली. बायको ओरडली नाही. काज-बटणं ती करते, म्हणजे मास्तर शिवतात आणि ढीग तिच्यापुढे टाकतात. घरचं सगळं वर आहेच. तिने शांतपणे हात धुतले.

"येईन. पण दोन दिवस मला कुणी काम सांगायचं नाही. पाणी आण नाही, पिशवी धर नाही. एकदा जरी कुणी सांगितलं, तरी मी तिथूनच परतीच्या बसमध्ये बसेन."

ही नुसती धमकी नव्हती. "घाई केलीत तर बटणं पाठीवर लावीन," असं ती एकदा म्हणाली होती आणि बँकेच्या शिपायाचा सदरा खरोखरच पाठीवर बटणं लावून गेला होता.

मास्तरांनी कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला आणि खडूने शहर आखायला घेतलं. त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने विचारच करता येत नाही, त्याला कोण काय करणार! मधोमध संग्रहालय, एका बाहीत बाग, दुसऱ्या बाहीत उंच मनोरा. प्रत्येक ठिकाणी अर्ध्या तासाचं मार्जिन, कारण पोरं आणि कापड दोन्ही ऐनवेळी कमी पडतात.

"बाबा, शहराला कॉलर कशाला?" थोरलीने विचारलं.

"तो बस स्टँड आहे."

धाकटीला फक्त सरकता जिना हवा होता. मधल्याला देवमाशाचा सांगाडा बघायचा होता. या मधल्याला घरात भोवरा म्हणतात. ठेवला तिथे तो कधी सापडत नाही, आणि मास्तरांना घोर होता तो त्याचाच. शहराच्या गर्दीत हा निसटला तर शोधायचा कसा? शेवटी मास्तरांनी तोडगा काढला: सगळ्यांना एकाच कापडाचे कपडे. लांबून ओळखू येतील.

"फुलाफुलांचं काहीतरी घ्या," बायको म्हणाली.

पण मास्तरांच्या नेहमीच्या, शहरातल्या ठोक व्यापाऱ्याकडे गर्द हिरवं थान पडून होतं. "मोठ्या ऑर्डरीतलं उरलंय, मास्तर, तुम्हीच घेऊन जा," तो म्हणाला. मास्तरांनी साधेच सदरे शिवायचे ठरवले होते. पण जित्याची खोड! आधी कडांना पिवळी पायपिंग आली, मग झाकणाचे खिसे, मग खांद्यावर पट्ट्या. पाचही जण आरशासमोर उभे राहिले तेव्हा थोरली म्हणाली, "बाबा, आपण कुठे कामाला लागलोय?"

पोरगी जरा जास्तच शहाणी आहे, असं मास्तरांना वाटलं.

संग्रहालयाच्या दारात मास्तरांनी तिकिटं पुढे केली. दरवानाने ती बघितलीच नाहीत. "उशीर केलात! पळा आत," तो खेकसला. त्याचा सदरा गर्द हिरवा होता. पिवळी पायपिंग, खांद्यावर पट्ट्या. आधी मास्तरांच्या लक्षात आलं ते हे, की त्याची पायपिंग वाकडी बसलीय. ते थान कुठल्या ऑर्डरीतलं होतं, हे त्यानंतर लक्षात आलं.

तेवढ्यात एक आजोबा मास्तरांच्या बायकोला म्हणाले, "बाई, हा बाक पुसा जरा."

काम सांगितलं गेलं, आता ही बसमध्ये बसणार! ती हलायच्या आत मास्तरांनी रुमाल काढून एका दमात बाक पुसला, आजोबांना त्यावर बसवलं आणि वर वाराही घातला. मग एका कुटुंबाला पाणी दाखवलं, दोघांना स्वच्छतागृह दाखवलं, एका बाईंचं पोर कडेवर घेतलं. बायकोपर्यंत कुणी पोचायच्या आतच ते आडवे जात होते. या धावपळीत भोवरा निसटला. आता शोधा! जिकडे बघावं तिकडे हिरवंच.

बायकोला दोघी मुलींजवळ थांबवून मास्तर धावले. भोवरा सापडला देवमाशाच्या खाली. वीसेक माणसांना तो सांगत होता, "याच्या पोटात आमचं अख्खं दुकान मावतं, शिलाई मशीनसकट." माणसं माना डोलावत होती. एकाने तर वहीत लिहूनही घेतलं.

त्याला बखोटीला धरून मास्तर परत आले, तर बायको जागेवर नाही. पोरीही नाहीत. गेली बसला! चौदा वर्षांनी मिळालेली सुट्टी, आणि ती पहिल्याच दिवशी दुपारच्या आत उसवली.

ते दाराकडे वळणार तोच शेजारच्या दालनातून ओळखीचा आवाज आला.

"ओ चष्मेवाले, काचेला हात नाही लावायचा. मागे व्हा. रांगेतून या सगळे. तुम्ही टोपीवाले, त्या आजींची पिशवी धरा."

पहारेकऱ्याच्या उंच खुर्चीवर ती बसली होती. चपला खाली काढलेल्या, पाय सोडलेले. दोघी मुली दोन्ही बाजूंना ताठ उभ्या होत्या. चष्मेवाले मागे झाले, टोपीवाल्याने पिशवी धरली, रांग सुतासारखी सरळ झाली. आपली बायको अशा आवाजात बोलू शकते हे मास्तरांना इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. त्यांना एकदम वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

तेवढ्यात संग्रहालयाचे खरोखरचे साहेब आले, छातीवर पितळी बिल्ला लावलेले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. "बाई, आज तुमची ड्यूटी कुठे आहे?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"आज?" बायको म्हणाली. "आज मी सुट्टीवर आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा, मागच्यांना दिसत नाही."

साहेब बाजूला झाले.