एलीच्या डब्यात काय वाजत होतं

मंडळी, सगळ्यांना वेगळं लिहायचं त्राण नाही. हे पत्र वाचून पुढच्या घरी द्या.

माझा लेक एली तापाने गेला त्याला चार महिने झाले. आज दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीने, रिवकाने त्याचा बिस्किटांचा डबा उघडला. शेतातून वेचलेले दगड, बटणं, बसची तिकिटं, सगळं तसंच होतं. तिने त्यातली पितळेची नळी वर धरली.

"आई, ही काय आहे?"

ती स्फोटकाची नळी होती. जुन्या लढाईतली असणार. "हळूच खाली ठेव, बाळ, आणि बाहेर जा."

मी कळवल्यावर लष्कराचा माणूस आला. तो पूर्ण डबाच न्यायला निघाला.

"नळी तेवढी न्या. बाकीचं माझ्या मुलाचं आहे."

"बाई, दगडांसाठी जीव द्याल?"

मी दारातून हलले नाही. शेवटी त्याने एकेक वस्तू काढून ठेवली आणि नळी वाळूच्या पेटीतून नेली. थोड्या वेळाने त्याने ती शेतात फोडल्याचा आवाज आला.

एली डबा कानाशी धरून वाजवायचा. चार महिने मीही रोज तसाच वाजवत होते.

तुमच्या मुलांचे डबे आजच बघा. टाकू मात्र नका. आमचा डबा आता पहिल्यासारखा वाजत नाही.