पेनानं सरकवलेली पुडी

पेडणे महालातल्या आमच्या गावात सरकारचं आरोग्य केंद्र उघडलं, त्यानंतरच्या एका रविवारी मी चोरासारखा त्याच्या मागच्या बाजूला गेलो आणि टाचा उंच करून जनेलातून आत पाहिलं. मला फ्रिज बघायचा होता. रॉकेलवर चालणारा, लस ठेवायचा पांढरा फ्रिज. तो कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या तळाशी निळी ज्योत जळत होती. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. मागून शिपायाचा आवाज आला, "दोतोर, आयज आयतार. बरें दिसना जाल्यार फाल्यां येयात."

मी डॉक्टर. त्याच गावात सहा वर्षं दवाखाना चालवणारा. ह्या शिपायाच्या तळव्यातला काटा मीच काढला होता. आणि तो मला उद्या यायला सांगत होता. मी चढ उतरून घरी आलो.

गोवा मुक्त झाल्यावर थोड्याच वर्षांत मी शिकून गावी परतलो. त्याआधी आजारी माणसाला म्हापशाला न्यायचं किंवा देवाला गाऱ्हाणं घालायचं, असा रिवाज होता. मी रस्त्याकडेच्या घरातली पुढची खोली घेतली, एक मेज, बसायला दोन कदेलं म्हणजे खुर्च्या आणि बाहेर एक बाक टाकला. हळूहळू बाक भरायला लागला. हळर्णहून माणसं चालत यायची. मोसमातला पहिला फणस आणि पावसाळ्यातलं पहिलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, माझ्या दारात यायचं. पहिलं फळ देवाचं, दुसरं दोतोराचं, असं म्हणायचे. पण खरं सांगतो, पुष्कळदा देवाचा नंबर माझ्यानंतर लागायचा. गाव माझं आहे, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

केंद्र उघडलं ते नेमकं माझ्या दारावरून जाणाऱ्या चढावर. तिथं जाणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोरून जायचा. तिथं नर्स होती, सूक्ष्मदर्शक होता, जीप होती, औषधांची खोकी होती, आणि ह्या सगळ्यावर साष्टीकडून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती. आयत्या बिळावर नागोबा, असं मी घरी म्हणालो. बायको म्हणाली, "बीळ सरकारनं खणलंय, तुम्ही नव्हे." त्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

मी सरकारला अर्ज केला. मला पगार नको, जीप नको; फक्त लस आणि क्षयाच्या गोळ्या माझ्या दवाखान्यालाही पुरवा, मी फुकट देईन, असं लिहिलं. उत्तर आलं की खासगी डॉक्टरांना असा पुरवठा करण्याची तरतूद नाही. तो कागद मी मेजाच्या खणात ठेवला आणि पोटात दुखलं की काढून वाचायचो. पोटात रोज दुखायचं.

बाक रिकामा पडत गेला. पण एक गोष्ट अशी घडली की माझा जीव जरा निवला. वरून गोळ्या घेऊन उतरणारी माणसं माझ्याकडे थांबू लागली. पदराच्या गाठीतून, टोपीच्या घडीतून सरकारी पुडी काढायची, माझ्या मेजावर ठेवायची आणि म्हणायचं, "दोतोर, तुमच्या हातान दियात. तुमच्या हाताक गूण आसा." मी पुडी उचलायचो, उघडून बघायचो आणि त्यांच्या ओंजळीत ठेवायचो. मग ती माणसं कपाळाला पुडी लावून घरी जायची. गावात हे बघता बघता रूढच झालं. दोतोराच्या हातून आलेली नाही ती गोळी पोटात जायची नाही. औषध त्या बाईचं आणि गुण माझा, ह्याचा मला इतका आनंद व्हायचा की मी त्यांना चहासुद्धा विचारायचो. बाईच्या कानावर हे जावं असंही मला मनापासून वाटायचं.

ह्या सुमाराला आजच्या सिंधुदुर्गातला एक तरुण गावात बायकोसह खोली घेऊन राहत होता. डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक भरायच्या कामाला जायचा. त्याला खोकला होता. दोन महिने मी त्याला औषध देत होतो. खाणीची तांबडी धूळ छातीत बसली आहे, असं माझं निदान. मग एक दिवस तो माझ्या दारावरून वर गेला. मी जनेलातून बघितलं आणि मला राग आला. परत आला तो महिन्याभराच्या गोळ्यांची पुडी घेऊन. बाईनं त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती. क्षय होता.

दोन महिने तो माझ्यासमोर खोकत होता आणि मला दिसलं नव्हतं. तिला एका सकाळी दिसलं. मलाही सूक्ष्मदर्शक दिला असता तर दिसलं असतं, हे खरं. पण छातीला नळी तर मीच लावली होती, आणि कान माझेच होते.

त्यानं पुडी मेजावर ठेवली. "ह्यो गोळ्यो डाक्टरणीन दिल्यान. तुमच्या हातान देवा, मगे गुण येतलो." आणि ओंजळ पुढे केली.

मी काहीतरी लिहीत होतो. वर न बघता मी पेनाच्या टोकानं पुडी त्याच्याकडे सरकवली. म्हणालो, "ठेव."

एक शब्द वाईट बोललो नाही. गोळ्या खाऊ नकोस असं म्हटलं नाही. कुठल्या कोर्टात मला कुणी दोषी धरलं नसतं. पण ह्या गावात पेनानं सरकवलेल्या पुडीचा अर्थ काय होतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्याची ओंजळ थोडा वेळ तशीच राहिली. मग पुडी खिशात घालून तो गेला. त्यानंतर तो ना वर दिसला, ना माझ्याकडे आला. बाजारात त्याची बायको दोनदा भेटली. मी तिला काही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या. चालत आल्या, कारण जीपचा कसला तरी भाग पणजीहून यायचा होता. जीप बंद आहे हे मला आधीच ठाऊक होतं, आणि बरं वाटलं होतं. त्या रोग्यांच्या बाकावर बसल्या. तो खाणीवरचा तरुण पुढच्या गोळ्या न्यायला आला नाही, म्हणून त्या त्याच्या खोलीवर जाऊन आल्या होत्या.

"दोतोर, ताणें एक गुळी लेगीत खावंक ना. डबो तसोच आसा. तुमी हातान दिलें ना म्हण्टा."

आता ही भांडणार, म्हणून मी सावरून बसलो. बाईंनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. लोक तुमच्याच हातून औषध घेतात, तर क्षयाच्या गोळ्या तुमच्या दवाखान्यातून द्यायची परवानगी मिळावी, असं त्यांनी स्वतः सरकारला लिहिलं होतं. खाली उत्तर होतं. तशी तरतूद नाही. ते वाक्य मला पाठ होतं.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी जळफळाट झाला. फ्रिज हिच्याकडे, जीप हिच्याकडे, आणि आता मोठं मनही हिच्याकडेच.

आम्ही दोघं त्याच्या खोलीवर गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता आणि निम्मा झाला होता. बायकोनं फळीवरचा डबा काढला. पुडी मी सरकवली होती तशीच घडी घातलेली. "त्या दिशी तुमी पेनान सरकयलास," तो म्हणाला, "म्हणान खावक नाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानं पुन्हा ओंजळ केली, माझ्याच पुढे.

पुडीतली गोळी आता माझ्या हातात होती. ती त्याच्या ओंजळीत ठेवणं फार सोपं होतं, आणि फार गोड. पण औषध दीड वर्ष चालायचं होतं, दर महिन्याला वरून आणायचं होतं. प्रत्येक पुडीला माझा हात लागणार असेल तर कुठल्या तरी महिन्यात मी परगावी गेलो किंवा माझं डोकं फिरलं की हा मेला. मी गोळी बाईंच्या तळहातावर ठेवली. "ह्यांच्या हातान घे," मी म्हणालो, "गूण माझ्याइतकोच आसा." माझ्यापेक्षा जास्त असं म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही.

त्यानं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि गोळी घेतली.

दीड वर्ष तो महिन्याच्या महिन्याला वर गेला. बरा झाला. पण खाणीवर परत गेला नाही, कारण एका बाजूचं फुफ्फुस कामातून गेलं होतं. एका काजूच्या बागेत राखणीला राहिला. आणि त्याच्या मागोमाग गावानंही मला पुड्या दाखवणं सोडलं.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. मी दारात उभा होतो. तो खांद्यावर भला मोठा कापा फणस घेऊन आला आणि माझ्या पायरीशी थांबला. फणस त्यानं पायरीवर ठेवला. मोसमातला पहिलाच असणार, वास दरवळत होता. मी दोन्ही हात पुढे केले.

तो ओशाळला. धाप लागली होती, त्यामुळे लगेच बोलता येईना. मग म्हणाला, "ह्यो डाक्टरीणबायेक देवचो आसा. त्या दुखण्यापासून माका चढ एका दमान जमना नाय, म्हणान तुमच्याकडे वायच थांबलंय."

मी आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं. ते त्यानं माझ्या हातून घेतलं. मग फणस खांद्यावर घेऊन तो निघाला. तो चढ तसा काही मोठा नाही. वर पोचेपर्यंत तो आणखी दोनदा थांबला.