बिडाच्या लाईनवरचे ठोके

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. स्थळ, शनिवार पेठेतली एक बंद गल्ली.

हे आधी लिहितो, कारण या सदरातल्या बहुतेक अनुभवांना तारीख नसते. ते 'एकदा' घडलेले असतात, आणि 'एकदा' घडलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. खरे तर तारीख असलेल्यांवरही नव्हता. मी पाणीपुरवठ्याचा निवृत्त अभियंता आहे. वय बहात्तर. भूत, संकेत, पूर्वसूचना यांपैकी कशाचीही मला आजवर गरज पडलेली नाही. कोणाला स्पष्टीकरण सुचले तर जरूर कळवावे — मात्र आधी पूर्ण वाचावे.

काम असे होते. जुन्या पेठांच्या जमिनीखाली कोणती नळी कुठून कुठे जाते, हे आज नेमके कोणालाच सांगता येत नाही. नळ्या पडत गेल्या, नकाशे मागे राहिले. हे सगळे जाळे आता संगणकावर चढवायचे आहे. ज्या खासगी कंपनीकडे हे काम आहे, तिने मला सल्लागार म्हणून घेतले. माझ्याबरोबर सायली नावाची अभियंता असते. तिशीतली, कामाला चोख. तिच्याकडे टॅब आणि हेडफोन लावून ऐकायचे यंत्र. माझ्याकडे लोखंडी दांडा. त्याचे एक टोक नळीवर टेकवायचे, दुसरे कानाला लावायचे.

त्या गल्लीत दोन नळ्या शेजारून जातात. एक जुनी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दुसरी अलीकडची. कोणती इमारत कोणत्या नळीवर आहे, एवढेच ठरवायचे होते. त्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद होते. नळ्या रिकाम्या, म्हणजे आवाज स्वच्छ. पद्धत साधी आहे. एकाने इमारतीच्या नळावर पान्याने तीन ठोके द्यायचे, थांबायचे, पुन्हा तीन द्यायचे. दुसऱ्याने गल्लीतल्या चेंबरपाशी बसून ऐकायचे. ठोके ज्या नळीत उमटतील, ती त्या इमारतीची.

सायली पहिल्या इमारतीत गेली. मी बिडाच्या लाईनवर दांडा टेकवला. ठोका आला. पण एकच. मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा एक. मी फोन लावला.

"सायली, तीन ठोके ठरले होते."

"सर, मी अजून एकही दिलेला नाही. जिन्यातच आहे. इथल्या काकू म्हणतायत, पाणी सोडायला कोणी येत नाही, ऐकायला बरे येता."

"परत या."

ती आली. तिने तिचे यंत्र लावले. पडद्यावर सरळ रेघ. मग माझा दांडा कानाला लावला. "काहीच नाही, सर." मी पुन्हा वाकलो. ठोका होता.

बहात्तराव्या वर्षी तुमच्या कानांबद्दल कोणाला शंका आली, तर ती नम्रपणे व्यक्त होते.

"सर, जरा सावलीत बसता का? ऊन आहे."

"फेब्रुवारी आहे," मी म्हणालो.

मी आयुष्यभर नळ्या ऐकल्या आहेत. अडकलेल्या हवेचा आवाज वेगळा, गळणाऱ्या व्हॉल्व्हचा वेगळा. हा धातूवर धातू आपटल्याचा होता. आणि ठोकणारा दमलेला होता. याला पुरावा नाही. पण मला तसे वाटले, म्हणून नमूद करतो.

मग मी प्रत्येक इमारतीच्या भिंतीवरून वर जाणाऱ्या नळीला दांडा लावत गेलो. पहिल्या इमारतीत आवाज अस्पष्ट, दुसरीत बरा, गल्लीच्या टोकाच्या इमारतीत स्पष्ट. तिथली नळी जिन्याच्या भिंतीला धरून वर जाते. मी जिना चढलो. मागून सायली येत होती. दुसऱ्या मजल्यावर दांडा टेकवला आणि असा ठोका आला, की मी कान मागे घेतला. त्यानंतर आवाज थांबला तो थांबलाच.

समोर एक बंद दार होते. मी बेल वाजवली. पलीकडचे दार उघडले. बनियनवर शर्ट चढवत एक गृहस्थ बाहेर आले, सोसायटीचे सेक्रेटरी.

"कोण हवंय?"

"इथे कोण राहतं?"

"पाटी आहे. वाचता येत असेल तर तिच्यावर दामले लिहिलंय. पण दामलेबाई नाहीत. काल संध्याकाळी मुलाकडे गेल्या, हडपसरला."

"जाताना पाहिलंत?"

"अहो, मी सेक्रेटरी आहे, वॉचमन नाही. जाणार म्हणाल्या होत्या, म्हणजे गेल्या."

"मुलाला फोन करा."

"का म्हणून? आपण नळ्या मोजायला आलात ना? मग नळ्या मोजा. माणसं कशाला मोजताय?"

मी काय सांगणार होतो? मला ऐकू आले, एवढेच. आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू आले नव्हते. दाराआड कोणी पडलेले असेल, ही शंका फक्त माझी होती. आणि तिच्यासाठी मला भांडावे लागणार होते.

"काका, एकच फोन करा ना," सायली म्हणाली. "त्या तिकडे असल्या, तर सर तुमची माफी मागतील."

मी मागितली असती. सेक्रेटरींनी फोन लावला आणि, बहुधा मला ऐकवायला म्हणून, स्पीकरवर ठेवला.

"आई?" मुलगा म्हणाला. "आई घरीच आहे. काल दुपारी तिचा फोन आला होता, गुडघा दुखतोय, आता रविवारी येते म्हणून. का हो? काय झालं?"

सेक्रेटरींचा बटणे लावणारा हात थांबला. शेजारी समजत होते त्या हडपसरला आहेत. मुलगा समजत होता त्या घरी आहेत. रविवारपर्यंत त्या दाराशी कोणीही आले नसते.

दाराला आतून लॅच होते. सेक्रेटरींनीच खांदा लावून ते तोडले. तिसऱ्या धडकेला त्यांचा शर्ट फाटला. त्यांनी बघितलेही नाही.

दामलेबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. आदल्या संध्याकाळपासून. ऐंशीच्या पुढचे वय, खुबा मोडलेला, एक हात अंगाखाली, दुसऱ्याचे मनगट सुजलेले. नळ त्यांच्यापासून हातभर लांब. मी आजूबाजूला नीट पाहिले. बादली प्लास्टिकची, तिच्यातला मगही प्लास्टिकचा. ठोकायला काही नव्हते आणि ठोकणारा हातही नव्हता. शुद्ध मात्र होती.

सायली ओल्या फरशीवर बसली. तिने त्यांच्या अंगावर शाल घातली, डोके मांडीवर घेतले. सेक्रेटरी अँब्युलन्सला फोन करत होते. दामलेबाई माझ्या हातातल्या दांड्याकडे बघत होत्या.

"रात्रभर ठोकत होतात ना?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कोणीतरी आहे... म्हणून जागी राहिले."

"नाही," मी म्हणालो. "आम्ही आज सकाळी आलो. रात्री इथे कोणी नव्हतं."

ते खरे होते. त्यांची नजर माझ्यावरून हलली आणि कुठेच ठरेना. सायलीने माझ्याकडे पाहिले नाही.

"आम्हीच होतो, आजी. घर सापडत नव्हतं, म्हणून वेळ लागला."

"इतका?" दामलेबाई म्हणाल्या. "एवढीशी तर गल्ली आहे."

अँब्युलन्स आली. सेक्रेटरी त्यांच्याबरोबर गेले.

दुपारी आम्ही इमारतीपुढे खड्डा घेतला. मला नळी पाहायची होती. बिडाच्या लाईनवरून इमारतीकडे येणारा फाटा फार पूर्वी तोडलेला निघाला. तोंडाला बूच, पुढे दगडमाती. इमारत नव्या नळीवर आहे. दोन्ही नळ्या एकमेकींना कुठेही लागत नाहीत. दामलेबाईंच्या घरातल्या नळ्या तर प्लास्टिकच्या; त्यांवर ठोकले तरी असा नाद निघत नाही.

रात्री त्यांना जे ऐकू आले, ते वेदनेमुळे झालेला भास म्हणता येईल. मला सकाळी जे ऐकू आले, ते म्हातारपण म्हणता येईल. पण दोघांना एकच भास कसा झाला, आणि माझा भास मला नेमका त्या दारापर्यंत कसा घेऊन गेला, हे मला सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात मी कान तपासून घेतले. वयाच्या मानाने ठीक आहेत. ठोका दामलेबाईंनी दिला नाही, मी दिला नाही, सायलीने दिला नाही. यापुढे माझ्याजवळ काही नाही.

त्या दुपारी खड्ड्याजवळ सायलीने टॅब उघडला. "या फाट्यापुढे काय लिहू, सर?"

"तोडलेला."

"शेरा?"

"शेरा नाही."

खड्डा बुजवून होईतो सहा वाजले. सेक्रेटरी रिक्षातून उतरले. फाटका शर्ट तसाच होता. दामलेबाई दवाखान्यात साडेपाचला गेल्या, म्हणाले. मुलगा वेळेवर पोचला. पाच-दहा मिनिटे बोलल्यासुद्धा. कोण जाणे काय, पण गल्ली एवढीशी आहे, हेच परत परत म्हणत होत्या. सायली रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मी तिला दांडा धरायला दिला आणि सेक्रेटरींना म्हणालो, "मला पुन्हा एकदा वर जायचं आहे."

या वेळी त्यांनी 'का' असे विचारले नाही.

तोडलेले दार सुतळीने बांधलेले होते. ती सोडून मी न्हाणीघरात गेलो. गुरुवारी पाणी नाही, म्हणून बाई बुधवारी संध्याकाळी भरून ठेवत होत्या. नळ पूर्ण उघडा होता आणि शुक्रवारी पहाटे पाणी येणार होते. मुलगा त्या रात्री इकडे येणार नव्हता.

मी नळ बंद केला.